स्क्रूवरचा लाल ठिपका

बारामतीत भिगवण रोडला केशवचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, पुढं पत्र्याची शेड आणि शेडखाली चारी दारं उघडी टाकून उभी असलेली कुणाची तरी गाडी. पाटी उन्हानं इतकी विटली होती की नव्या माणसाला ती वाचता येत नसे, आणि जुन्या माणसाला वाचायची गरज नव्हती. नवी गाडी घेतली की हार बॉनेटला, पेढे देवाला आणि गाडी केशवकडं, असा तालुक्यात रिवाजच पडून गेला होता.

कंपनीनं बसवून दिलेल्या स्पीकरवर केशवचा जुना राग. "एवढी हत्तीएवढी गाडी करत्यात आन तिच्या पोटात ह्ये पापड बसवत्यात," असं पुटपुटत तो दाराचं आतलं पॅड उचकटायचा आणि कंपनीचा स्पीकर काढून गिऱ्हाईकाच्या तळहातावर ठेवायचा. तो हाताला हलका लागला की गिऱ्हाईकालाही आपण फसलो असं वाटायला लागे. मग दाराच्या पत्र्याला आतून काळी जाड शीट चिकटवायची, म्हणजे पत्रा थरथरत नाही. त्यावर नवे स्पीकर. काचेच्या कोपऱ्यांत बारीक आवाजाचे दोन चिमुकले ट्वीटर. सीटखाली अॅम्प्लिफायर. इथवरचं काम हात बसलेला कुणीही करील. केशवचं खरं काम त्याच्यानंतर सुरू व्हायचं.

सगळ्यांना बाहेर काढून तो काचा वर करायचा आणि ड्रायव्हरच्या जागेवर डोळे मिटून बसायचा. एक भजन लावायचा, एक लावणी आणि एक लग्नातलं धांगडधिंग्याचं गाणं. अॅम्प्लिफायरला तीन छोटे स्क्रू असतात, एक एकूण आवाजाचा, एक बेसचा, एक ट्रेबलचा, म्हणजे त्या बारीक, टोकदार आवाजाचा. केशव खाली हात घालून ते केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवायचा. मनासारखं झालं की शर्टाच्या खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढायचा आणि प्रत्येक स्क्रूवर एक ठिपका द्यायचा, अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या पत्र्यावर. तो एकदा सुकला की स्क्रू जरा हलला तरी ठिपका दुभंगणार.

"ह्याला हात लावायचा न्हाय," एवढंच तो सांगायचा आणि लोक लावत नसत. वडगाव निंबाळकरचे आबासाहेब तर घरी पाहुणा आला की त्याला गाडीपाशी नेऊन सीटखाली वाकायला लावायचे आणि तो ठिपका दाखवायचे. जसा काही सोनाराचा शिक्काच.

नेलपॉलिश बायकोच्या खात्यातून यायची. माधवीनं स्वतः नखं रंगवून वर्षं लोटली होती, पण दर थोड्या दिवसांनी ती बांगड्यांच्या दुकानात जाऊन त्याच लाल रंगाची बाटली मागायची. दुकानातल्या बाईची पक्की समजूत झाली होती की ही बाई दिसते साधी पण आतून भलतीच नटवी आहे. माधवीनं तो गैरसमज कधी दूर केला नाही.

केशवजवळ ना डिग्री होती ना जमीन. दुकानात सामान होतं ते इतर दहा दुकानांत मिळेल असंच. त्याच्याजवळ होता तो कान. त्या कानावर त्यानं मुलीचं लग्न केलं, घर बांधलं, आणि चारचौघांत खुर्ची पुढं सरकवली जाण्याइतका मान मिळवला. तो कान उद्या गेला तर केशवचं काय उरेल, हा विचार कुणाच्या मनात आला नव्हता. निदान केशवच्या तरी आला नव्हता.

आता झालं असं, की गेल्या दोनेक वर्षांपासून केशवला जग जरा मळकं वाटायला लागलं होतं. मालच खराब येतोय, असं त्याचं म्हणणं. पूर्वीचा ट्वीटर कसा खणखणीत बोलायचा, आताच्याला ट्रेबल किती दिला तरी तोंड उघडत नाही. म्हणून तो ट्रेबलचा स्क्रू पूर्वीपेक्षा पुढं न्यायला लागला. मुलगी श्रेया सुप्याला दिली होती. तिचा फोन आला की निम्मं बोलणं कळायचं नाही, तेव्हा तो म्हणायचा, सुप्याला रेंजच नाही. आणि घराचं म्हणाल तर घर होतं इंदापूरच्या रस्त्याला, गावाबाहेर, तिन्ही बाजूंनी ऊस. पूर्वी दिवस कलला की रातकिड्यांनी रान डोक्यावर घेतलेलं असायचं. आता अंगणात बसलं तर सगळं सामसूम.

"औषधं मारून मारून मारले गं सगळे," तो माधवीला म्हणायचा. "आता तर वरनं ड्रोननं फवारत्यात. किडाबी न्हाय ऱ्हायला रानात."

"गेले असतील," माधवी म्हणायची आणि आत जाऊन काहीतरी काम काढायची.

दिवाळी सरली आणि आबासाहेबांची गाडी दुकानात आली. मागचे स्पीकर बंद पडले होते. उसाच्या गावात असं होतं, उंदीर गाडीत शिरतात आणि वायरा कुरतडतात. केशवनं सीट सरकवली, कुरतडलेली वायर हाताला लागली, आणि सहज नजर अॅम्प्लिफायरवर गेली. तीन ठिपके होते. दोन त्याचे होते. तिसरा, ट्रेबलच्या स्क्रूवरचा, त्याचा नव्हता.

दुसऱ्या कुणाला फरक कळलाही नसता. लालच होता, अर्धा इकडं, अर्धा तिकडं, अगदी त्याच्याच पद्धतीचा. पण त्या लालात गुलाबीची किंचित झाक होती आणि शेजारी जुना ठिपका खरवडून काढल्याची खूण होती. स्क्रू बराच मागं फिरवलेला होता. आपल्या घरात आपल्या माघारी कुणी तरी वावरून गेलंय, असं केशवला वाटलं.

"आबा, ह्याला कुणी हात लावला?"

आबासाहेब शेडबाहेर उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "कुणी न्हाय बा. कोण लावंल?"

"मी दिलेला ठिपका ह्यो न्हाय."

"उंदरानं खाल्ला असंल," आबासाहेब म्हणाले. जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला खोटं बोलायची वेळ आली की असंच काहीतरी तोंडातून येतं. मग त्यांनाच ते खपेना. "इंदापूरला एकडाव थांबलो व्हतो," ते रस्त्याकडं बघत म्हणाले. "दिगूकडं. च्या प्यायला."

दिगू म्हणजे दिग्विजय. निमगाव केतकीचा पोरगा, केशवच्या हाताखाली तयार झालेला. दाराचं पॅड क्लिप न मोडता कसं काढायचं इथपासून डोळे मिटून ऐकायचं कसं इथपर्यंत सगळं त्याला केशवनं शिकवलं. इंदापूरला त्यानं स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा नारळ केशवनं फोडला आणि आपलं जुनं ड्रिल मशीन त्याच्या हातात दिलं. तेव्हा दोघांचेही डोळे भरून आले होते.

केशवनं वायर जोडली, ट्रेबलचा स्क्रू होता तिथं पुढं नेला, आणि त्यावर आपला ठिपका दिला. आबासाहेब ते बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा दाढ काढायला आलेल्या माणसासारखा झाला होता.

मग केशवला चैन पडेना. जुन्या गिऱ्हाईकांना त्यानं फोन केले. लग्नाच्या सीझनच्या आधी गाड्या फुकट तपासून देतोय, म्हणाला. कुणी आलं, कुणी आज-उद्या करत टाळलं. सुप्याचा एक डॉक्टर आला, कारखान्यातला एक इंजिनियर आला, एक बागायतदार बायकोला घेऊन आला. केशव प्रत्येकाची सीट सरकवायचा आणि खाली बघायचा. प्रत्येक गाडीत तोच गुलाबी झाकेचा ठिपका. प्रत्येक गाडीत ट्रेबल मागं. विचारलं की प्रत्येकाला एकदम कुठंतरी जायची घाई व्हायची.

त्यानं सरळ हिशेब मांडला. पोरगं फिरलं. आपलं शिकून आपल्यावरच उलटलं. आपल्या कामात खोट काढून गिऱ्हाइकं फोडतंय, वर आपल्याच रंगाचा ठिपका लावून आपल्याला उल्लू बनवतंय. जेवताना तो हेच बोलायचा, आंघोळीला पाणी काढताना हेच बोलायचा. माधवी ऐकून घ्यायची. ती कधी त्याच्या बाजूनं बोलली नाही की दिगूच्या बाजूनं बोलली नाही, आणि रागाच्या भरात केशवच्या ते ध्यानात आलं नाही.

"उंद्या इंदापूरला जातो," तो एक दिवस म्हणाला. "त्याच्या दुकानात, चार लोकांदेखत विचारतो."

माधवी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "मीबी येते," ती म्हणाली.

दुपारचं जेवण करून दोघं निघाली. केशवची स्वतःची गाडी जुनीच, पण आतला आवाज त्यानं नुकताच नव्यानं बसवलेला. दिगूला ऐकवायचाच, असं त्याच्या मनात होतं. माधवी मागच्या सीटवर बसली. वर्षभर ती मागंच बसत होती. पुढं ऊन लागतं म्हणायची, आणि डोक्याला कानांवरून स्कार्फ घट्ट गुंडाळून घ्यायची. केशवनं भजन लावलं. टाळ कसे दबल्यासारखे वाटतायत, अजून थोडा ट्रेबल लागणार, असं म्हणत तो गाडी हाकत राहिला. दोन्ही अंगांना तुऱ्याला आलेला ऊस होता आणि मधूनमधून बैलगाड्यांची रांग कारखान्याच्या दिशेनं चालली होती. आरशात त्याला माधवी दिसत होती. ती डोळे मिटून बसली होती. झोप लागली असेल, असं त्याला वाटलं.

दिग्विजयचं दुकान स्टँडपासून थोडं पुढं. केशव उतरताच तो हातातलं काम टाकून धावत आला आणि पायाला हात लावला. माधवीच्याही पाया पडला. त्या दोघांची नजर क्षणभर एकमेकांना भिडली आणि लगेच खाली गेली.

केशव खुर्चीवर बसला नाही. त्यानं खिशातली बाटली काढून काउंटरवर ठेवली. "तुझी काढ," तो म्हणाला.

दिग्विजयनं का म्हणून विचारलं नाही. ड्रॉवर उघडून त्यानं दुसरी बाटली काढली आणि पहिलीशेजारी ठेवली. एक लाल, एक लाल पण गुलाबी झाकेची. "तुमचा रंग लई शोधला, दादा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "इंदापुरात मिळाला न्हाय. त्यातल्या त्यात जवळचा घेतला."

"म्हंजे मला कळू नये म्हणून."

"व्हय."

इतकं सरळ उत्तर येईल असं केशवला वाटलं नव्हतं. तो भांडायला आला होता, आणि समोरचा भांडत नव्हता. "किती गिऱ्हाइकं फोडलीस?" त्यानं विचारलं.

"एकबी न्हाय. एकाकडनंबी काय घेतलं न्हाय. ती माणसं तुमचीच हायती दादा, आजबी. स्पीकर बसवायला तुमच्याकडंच येत्यात. तुमच्याकडनं निघाली की हितं येत्यात, मी तेवढा येक स्क्रू मागं घेतो आन ती घरी जात्यात. आबासाहेबांनी तर मला शपथ घातली व्हती. म्हणले, केशवला कळलं तर त्यो मोडून पडंल."

हे ऐकून केशवनं काउंटरला हात टेकला. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. वडगावपासून सुप्यापर्यंत, डॉक्टरला, इंजिनियरला, त्या बागायतदाराच्या बायकोला. त्याच्या तोंडावर वाहवा करून, चहा पिऊन, हात जोडून निघायची आणि इथं येऊन दुरुस्त करून घ्यायची. कुणी वैरी असता तर बरं झालं असतं. वैऱ्याशी दोन हात तरी करता येतात.

"पर चुकलं काय माझं?" तो म्हणाला.

दिग्विजयनं माधवीकडं बघितलं. माधवीनं मान खाली घातली.

"बारीक आवाज लई वर जातोय दादा. कानात सुई गेल्यावानी. गाडीच्या स्क्रीनवरनं कमी केला तरी टोचतोय. आबासाहेबांची नात गाडीत बसायची न्हाय, रडायची."

"तुझेच कान बिघडलेत," केशव म्हणाला. "चल. गाडीत बस. लाव शिट्टी."

शिट्टी म्हणजे त्या दोघांच्या ओळखीची गोष्ट. शुद्ध आवाजाची एक पट्टी असते, सगळ्यांत खालच्या घुमाऱ्यापासून सुरू होऊन एकेक पायरी चढत वर जाणारी, शेवटाला तर इतकी बारीक की कुत्र्यांनी कान टवकारावेत. नव्या माणसाला कामावर घेताना केशव ही पट्टी ऐकवायचा. ऐकू आलं की बोट वर करायचं. दिग्विजय पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याचीही परीक्षा अशीच घेतली होती, आणि शेवटच्या पायऱ्यांवर पोराचं बोट खाली गेलं तेव्हा केशवचं वरच होतं. आपल्या कानाचं केशवला फार कौतुक होतं. कितीतरी दिवस तो ते लोकांना सांगायचा.

तिघं गाडीत बसली. केशव स्टीअरिंगपाशी, शेजारी दिग्विजय, मागं माधवी. काचा वर घेतल्या. दिग्विजयनं फोन गाडीला जोडला. केशवनं डोळे मिटले आणि उजवा हात मांडीवर ठेवला.

पहिला घुमारा आला. पोटात जाणवला. केशवचं बोट वर गेलं. दुसरा आला, तिसरा आला. बोट प्रत्येक वेळी लगेच वर जात होतं, आणि केशवच्या मनातली भीती, जी होती हे त्याला आत्ताच कळत होतं, ती हळूहळू निवळत होती. आवाज चढत गेला. बासरीसारखा झाला. त्याहून वर गेला. बोट वर. आणखी वर गेला, आता तो लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटत होता. पण होता. बोट वर गेलं, जरा उशिरानं.

मग शांतता झाली.

केशव वाट बघत राहिला. दिगू पुढची पायरी लावायला वेळ घेतोय. कदाचित मुद्दाम थांबलाय, खोटं बोट वर करतो का बघायला. ही युक्तीसुद्धा केशवनंच त्याला शिकवलेली. त्याला मनातून थोडं हसू आलं. त्यानं बोट खालीच ठेवलं. शांतता लांबत गेली.

"लाव की पुढची," तो डोळे न उघडता म्हणाला. "का झोपलास?"

केशवनं डोळे उघडले. समोरच्या आरशात माधवी दिसत होती. तिनं स्कार्फच्या वरून दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबून धरले होते आणि तिचा चेहरा दुखल्यासारखा आवळलेला होता. केशवनं शेजारी बघितलं. दिग्विजयच्या हातात फोन होता. फोनवरची रेघ सरकत होती, आवाजाची पट्टी चालू होती, आणि दिग्विजय रडत होता.

"चालूच हाय?" केशवनं विचारलं.

दिग्विजयनं मान हलवली.

"कवापासनं?"

"बंद केलीच नव्हती, दादा."

केशवनं हात लांब करून स्वतः फोन बंद केला. माधवीचे हात खाली आले. बाहेर एक एसटी वळली, तिचा जाड आवाज केशवला नीट ऐकू आला. तो ऐकू आल्याचं त्याला इतकं वाईट वाटलं की त्यानं स्टीअरिंगवर डोकं टेकलं.

"तुला ठावं व्हतं," तो माधवीला म्हणाला. मागं वळून बघणं त्याच्यानं झालं नाही.

"व्हय."

"आन तू बोलली न्हाईस."

"काय बोलू?" माधवी म्हणाली. "तुमच्यापाशी दुसरं काय हाय? लोकं तुमच्या कानाचं नाव काढायची तवा तुमचं त्वांड बगायची मी. ते माझ्या हातनं काढून घेऊ व्हय? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दुसरं कुणीबी सांगंना."

दिग्विजय बोलायला लागला. डॉक्टरकडं जाऊ या म्हणाला, पुण्याला चांगले आहेत म्हणाला. बंद गाडीत वूफरपाशी बसून बसून आपल्या धंद्यातल्या पुष्कळांचं असं होतं, मलापण कधी होईल. मग म्हणाला, "फिटिंग तुमीच करा दादा, तुमच्यावानी फिटिंग कुणाला जमत न्हाय. शेवटचा हात मी मारत जाईन. बारामतीला येत जाईन. कुणाला कळायचं न्हाय."

"सगळ्यास्नी कळलंय," केशव म्हणाला.

त्यानं दार उघडून पाय बाहेर टाकले. उद्यापासूनचे दिवस त्याला समोर दिसत होते. दारं उघडायची, पापड काढायचे, शीट चिकटवायची, स्पीकर बसवायचे, आणि मग हात पुसत बाजूला उभं राहायचं. आत दुसरंच कुणी डोळे मिटून बसणार. हात बसलेला कुणीही करील असं जे काम, ते करणारा केशव आता झाला होता. रडू येईल असं त्याला वाटलं, पण आलं नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं.

"ह्या गाडीचं कर," तो थोड्या वेळानं म्हणाला.

दिग्विजयनं सीट मागं सरकवली. खरवडायला तो पान्याचं टोक शोधत होता, तर केशवनं खिशातला स्वतःचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर त्याला दिला. दिग्विजयनं लाल ठिपका खरवडला. तेच टाळांचं भजन लावलं आणि डोळे मिटले. त्याचं डोकं जरा उजवीकडं कललं. आपण ऐकताना आपलं डोकं असंच कलतं, हे केशवला लोकांनी सांगितलं होतं. स्वतःला तो कधी दिसला नव्हता. दिग्विजयनं स्क्रू मागं घेतला, अजून मागं घेतला. केशवच्या लेखी भजनावर कुणी जाड घोंगडी टाकली. टाळ तर नाहीसेच झाले. चेहरेच नसलेली माणसं घोंगडीखाली बसून गातायत, असं त्याला वाटलं.

"हितं," दिग्विजय डोळे उघडून म्हणाला.

केशवनं मागं बघितलं. माधवी स्कार्फ सोडत होती. तिनं तो नीट घडी करून मांडीवर ठेवला, कानांमागचे केस सारखे केले, आणि भजन ऐकायला लागली. ती खरंच ऐकत होती. तिच्या तोंडावर असं समाधान त्यानं गाडीत कधीचं बघितलं नव्हतं.

काउंटरवरची आपली बाटली केशवनं स्वतः उचलून आणली. सीटखाली वाकला, आणि जिथं त्याला काहीही कळत नव्हतं अशा जागी त्यानं ठिपका दिला. अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. सुकेपर्यंत फुंकर घातली. मग बाटलीचं झाकण घट्ट लावून ती दिग्विजयच्या हातात ठेवली.

"तुझा रंग गुलाबी दिसतो," तो म्हणाला. "ह्योच वापरत जा."

दिग्विजयनं चहा घ्या, जेवून जा म्हणून आग्रह केला, पण केशव थांबला नाही. निघताना माधवी पुढच्या सीटवर येऊन बसली. ऊन आता समोरून, सरळ तोंडावर येत होतं. उन्हाचं तिनं नाव काढलं नाही.

निमगाव केतकी मागं पडलं. गाणं त्यानं लावलं नाही. माधवी अधूनमधून काहीतरी बोलत होती. श्रेयाला बोलावून घेऊ, चार दिवस राहील. केशव तिच्या ओठांकडं बघून हो म्हणत होता. सुप्याला रेंज चांगलीच होती, हे आता त्याला कळलं होतं. लासुर्णे येईतो दिवस मावळला आणि उसावर धुरकट उजेड राहिला. ऊस जिथं रस्त्याला अगदी खेटून होता तिथं केशवनं गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्हीकडच्या काचा खाली केल्या.

गार हवा आत आली. ओल्या मातीचा आणि पाचटाचा वास आला. केशव कान देऊन बसला. सगळं सामसूम होतं.

"माधवे," तो म्हणाला. "रातकिडे वरडत्यात का गं?"

ती नेहमीसारखं गेले असतील म्हणेल, असं त्याला वाटलं, आणि ती तसं म्हणाली तर आपल्याला काय वाटेल ते त्याला कळेना.

"व्हय," माधवी म्हणाली. "लई. नुसतं रान उठलंय."

"कवापासनं?"

"गेलेच न्हवते ते."

केशवनं मान हलवली. उसाच्या काळ्या भिंतीकडं तो बघत राहिला. त्या भिंतीत असंख्य किडे ओरडत होते, आणि त्यानं त्यांना मेले म्हणून सोडून दिलं होतं.

"कसं वरडत्यात सांग की," तो म्हणाला. "इसरलो मी."

माधवी त्याच्याकडं वळली. तिला काय करावं कळेना, मग लहान पोराला करून दाखवावं तसं तिनं दात एकमेकांवर टेकवले, ओठ ताणले, आणि बारीक आवाज काढायला लागली. तिचा गळा ताठ झालेला केशवला दिसला. ओठ थरथरताना दिसले. डोळे पाण्यानं भरलेले दिसले. ती थांबली, श्वास घेतला, आणि पुन्हा करून दाखवलं.

केशवला काहीच ऐकू आलं नाही.

"व्हय," तो म्हणाला. "आसंच वरडायचे."